दखल : मनाची एक मूलभूत गरज

दर वर्षी नोव्हेंबर महिना उजाडला की बँकेत निवृत्तिवेतनधारकांची रीघ लागते. आपण हयात आहोत, असा दाखला त्यांना द्यावयाचा असतो. अलीकडे हा दाखला घरबसल्या मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येतो. तरीही काही वृद्ध मंडळी काठी टेकीत काउंटरपर्यंत येतात. सही किंवा अंगठा होतो, काम संपते, तरी ती लवकर निघत नाहीत. मुलाची बदली, सुनेचे आजारपण, गुडघ्याचे दुखणे असे काहीबाही सांगत उभी राहतात. सुरुवातीला आम्हाला हा खोळंबा वाटे. पुढे लक्षात आले की, दाखल्याइतकीच त्यांना आणखी एक गोष्ट हवी असते. कोणीतरी आपल्याला नावाने ओळखावे आणि 'काका, मागच्या वर्षी काकू सोबत होत्या, यंदा दिसल्या नाहीत' एवढे तरी विचारावे.

या गरजेला आम्ही 'दखल' म्हणतो. आपण आहोत, आपले काम, आपले दुःख आणि आपले मत कोणाच्या तरी गणतीत आहे, ही जाणीव म्हणजे दखल. दखल आणि स्तुती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्तुती खोटी असू शकते. दखल घेण्यासाठी मात्र समोरच्या माणसाकडे खरोखर पाहावे लागते. ही गरज कशी निर्माण होते, ती नाकारली की काय होते, आणि घर, दुःख व काम या ठिकाणी आपण तिच्याशी कसे वागतो, याचा थोडक्यात विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मानसशास्त्र काय सांगते?

विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० साली आपल्या प्रसिद्ध ग्रंथात एक कल्पना मांडली. आपण खोलीत शिरलो आणि कोणी मान वळवली नाही, बोललो आणि कोणी उत्तर दिले नाही, सर्वजण आपण नाहीतच असे वागू लागले, तर ती शिक्षा शारीरिक छळापेक्षाही भयंकर ठरेल, असा त्याचा आशय होता. त्यानंतर १९०२ साली चार्ल्स कूली या समाजशास्त्रज्ञाने सांगितले की, इतरांची नजर हा माणसाचा आरसा असतो. लोकांना आपण कसे दिसत असू, याच्या कल्पनेतून आपली स्वतःविषयीची प्रतिमा घडत जाते.

ही गरज किती लहान वयात असते, हे एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात केलेल्या प्रयोगातून दिसले. आई काही महिन्यांच्या बाळाशी हसतखेळत बोलते आणि मग थोडा वेळ चेहरा निर्विकार ठेवते. बाळ आधी हसून, आवाज काढून, हात पुढे करून आईला परत बोलावू पाहते. उपयोग झाला नाही की ते तोंड फिरवते, कासावीस होते. बाळाला कोणी मारलेले नसते की उपाशी ठेवलेले नसते. केवळ त्याला प्रतिसाद मिळालेला नसतो.

आणि आरशातच खोट असेल तर? अमेरिकेतील केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय दांपत्याने लहान मुलांपुढे काळ्या व गोऱ्या बाहुल्या ठेवून प्रश्न विचारले. बऱ्याच काळ्या मुलांनी गोरी बाहुली 'चांगली' आणि काळी 'वाईट' म्हणून दाखवली. समाजाची तुच्छता त्या कोवळ्या मनांत उतरली होती. शाळांतील वंशभेदाविरुद्ध १९५४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला, त्यात या अभ्यासाचाही आधार घेतला गेला. जर्मन विचारवंत ॲक्सेल होनेथ याने १९९२ साली या साऱ्याची नेटकी मांडणी केली. त्याच्या मते माणसाला तीन प्रकारची मान्यता लागते : घरातून प्रेमाची, कायद्यातून हक्काची आणि समाजातून त्याच्या कर्तृत्वाची. यातील एक जरी नाकारली गेली, तरी माणसाचा स्वतःवरील विश्वास डळमळतो आणि त्यातूनच संघर्ष उभे राहतात.

आपल्याच परिसराची साक्ष

हे समजण्यासाठी आपल्याला परदेशात जाण्याचे कारण नाही. सन १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यासाठी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, आले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी प्रवासाने धुळकटलेले हातपाय व तोंड त्यांनी तेथील हौदाच्या पाण्याने धुतले. तेवढ्यात एक वृद्ध गृहस्थ ओरडत आला की, यांनी हौद बाटवला. जमाव जमला, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली. पण कोठे पाण्याला स्पर्श होऊ नये म्हणून सोबत सशस्त्र शिपाई देण्यात आला. त्या वेळी बाबासाहेबांजवळ कोलंबिया आणि लंडन विद्यापीठांच्या सर्वोच्च पदव्या होत्या, ते बॅरिस्टर होते, गोलमेज परिषदेत बोलून आले होते. जमावाला यातील काहीही दिसले नाही. दिसली ती फक्त जात. माणूस समोर असून न दिसणे म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट उदाहरण नाही. ही हकिकत स्वतः बाबासाहेबांनी लिहून ठेवली आहे.

त्याच शहरात बाबासाहेबांनी १९५० साली महाविद्यालय सुरू केले. त्याला पुढे 'मिलिंद' हे नाव मिळाले आणि परिसर 'नागसेनवन' झाला. राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्या संवादाचा आरंभच नावापासून होतो. नागसेन म्हणतात, 'नागसेन' हे केवळ व्यवहारासाठीचे संबोधन आहे. चाक, आस, जू असे भाग वेगळे केले तर 'रथ' नावाची वस्तू निराळी सापडत नाही, तसेच हे आहे.

विद्यापीठ नामांतराच्या काळात 'नावात काय आहे?' असे विचारणारे पुष्कळ होते. विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी ठराव केला आणि मराठवाड्यात गावोगावी दलित वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळे यांचा बळी गेला. पुढे १९९३ साली नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असा नामविस्तार झाला. नागसेनांचे म्हणणे खरेच आहे. नाव हे व्यवहारासाठी असते. परंतु अन्याय व्यवहारातच होत होता. म्हणून दुरुस्तीही व्यवहारातच व्हावयास हवी होती. त्या कमानीवरचे नाव वाचताना खेड्यातून आलेल्या मुलाला वाटते की हे विद्यापीठ माझेही आहे. दर १४ जानेवारीला विद्यापीठाच्या दारात लोटणारी गर्दी हेच सांगत असते.

घरात आपण काय करतो?

आता एक कटू प्रश्न स्वतःला विचारू या. बाहेर नावासाठी एवढा लढा देणारे आपण घरात एकमेकांची किती दखल घेतो? कित्येक घरांत पत्नीला वर्षानुवर्षे नावाने हाक मारली जात नाही. 'अगं', 'ऐकलंस का' नाहीतर मुलाचे नाव घेऊन त्याची आई. पाहुण्याने विचारले, 'वहिनी काय करतात?' तर उत्तर येते, 'काही नाही, घरीच असते.' पहाटेपासून रात्रीपर्यंतचे तिचे श्रम त्या 'काही नाही'त बुडतात. मुलगा अठ्ठ्याहत्तर टक्के गुण घेऊन येतो आणि वडील विचारतात, 'बाकीचे बावीस कुठं गेले?' हे आम्ही इतरांविषयी लिहीत नाही. आमच्याही तोंडून हे वाक्य गेलेले आहे, आणि त्यानंतर पुष्कळ दिवस मुलाने आपला निकाल आधी आईला दाखवला.

तथागतांनी राजगृहात सिगाल नावाच्या तरुणाला गृहस्थधर्म सांगितला. पतीने पत्नीशी कसे वागावे, याची जी पाच कर्तव्ये त्यांनी सांगितली, त्यांतील पहिले सन्मान करणे आणि दुसरे अवमान न करणे हे आहे. दागिने देणे पाचव्या क्रमांकावर आहे. आपण बहुधा शेवटापासून सुरुवात करतो आणि पहिल्यापर्यंत पोहोचतच नाही! बाबासाहेबांनी पाकिस्तानविषयीचा आपला ग्रंथ १९४० साली माता रमाईंच्या स्मृतीस अर्पण केला. एका राजकीय ग्रंथाच्या आरंभी त्यांनी रमाईंचे मोठे मन आणि हलाखीच्या दिवसांत त्यांनी शांतपणे सोसलेले कष्ट नोंदवून ठेवले. घरातील स्त्रीचे श्रम हे इतिहासात नोंदवण्याजोगे आहेत, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

दुःखाची दखल

किसा गोतमीची कथा आपण विहारात अनेकदा ऐकतो. अट्ठकथेत एक तपशील आहे, तो सहसा सांगितला जात नाही. गरीब घरची म्हणून सासरी तिची उपेक्षा होत असे. मुलगा झाल्यावर तिला मान मिळाला. तो मुलगा गेला तेव्हा तिचे बाळही गेले आणि तिची ओळखही गेली. मृत बाळ कडेवर घेऊन ती औषध मागत फिरू लागली. भगवंतांनी तिला वेडी म्हटले नाही, उपदेशही केला नाही. ज्या घरात कोणी मेले नाही, तेथून मोहरी आण, असे सांगितले. ती दारोदार गेली आणि प्रत्येक दारात तिला कोणाच्या तरी मरणाची गोष्ट ऐकावयास मिळाली. तिला मोहरी मिळाली नाही. आपल्यासारखीच दुःखी माणसे मिळाली. अनित्यता तिला त्यानंतर समजली.

केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ साली दाखवून दिले की, काही दुःखांना समाज दुःख म्हणून मान्यताच देत नाही. गर्भपात झालेली स्त्री, आत्महत्या केलेल्याचे कुटुंबीय, व्यसनी मुलाची आई यांना कोणी मनापासून भेटावयास येत नाही. उलट 'झालं गेलं विसरा' म्हणतात. असे दुःख मनात कोंडून राहते.

येथे आमची एक चूक सांगणे भाग आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एक वयस्क बाई पतीच्या खात्यातील रक्कम मिळण्यासाठी काउंटरवर आल्या. गर्दी होती. मान वर न करता आम्ही विचारले, 'मावशी, मयताचं पासबुक आणलं का?' त्या क्षणभर थांबल्या आणि पासबुक पुढे सरकवीत म्हणाल्या, 'त्यांचं नाव हाये की साहेब त्याच्यावर.' आम्ही नियमाने बोललो होतो, कागदावरचा शब्दही तोच आहे. तरी त्या दिवसापासून आम्ही आधी पासबुकावरचे नाव वाचतो, मग प्रश्न विचारतो. वेळ तेवढाच लागतो.

कामाच्या ठिकाणी

त्याच सिगाल सुत्तात मालकाची पाच कर्तव्ये आहेत : शक्तीप्रमाणे काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात काळजी घेणे, विशेष पदार्थ वाटून खाणे आणि वेळेवर सुटी देणे. कष्टकऱ्याचे शरीर, आजार आणि आवड यांची दखल घेण्यास अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितले गेले. शाक्य राजपुत्रांनी तर आपल्यासोबतच्या उपाली नाभिकाला स्वतःच्या आधी प्रव्रज्या देण्याची विनंती केली. हेतू हा की, ज्येष्ठ म्हणून त्याला वंदन करावे लागावे आणि आपला कुलाभिमान गळून पडावा. पुढे हेच उपाली विनयाचे अग्रगण्य जाणकार झाले. दखल ही केवळ गोड बोलण्याने होत नाही, क्रम बदलावा लागतो, हा त्यातील बोध आहे.

आपल्याकडे माणसाचे गुण सांगण्याचा मुहूर्त निवृत्तीचा निरोप समारंभ हा असतो. तीस वर्षांत एकदाही न ऐकलेली वाक्ये त्याला त्या एका दुपारी, हारतुऱ्यांत ऐकावी लागतात. समाजकार्यातही असेच घडते. स्मरणिकेत देणगीदारांची नावे छापली जातात, ते योग्यच आहे. परंतु १४ एप्रिलला रात्री उशिरापर्यंत खुर्च्या उचलणारा मुलगा आणि विहार झाडणाऱ्या मावशी यांची नावे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत?

दखल आणि तृष्णा

येथे धम्माचा अभ्यासक शंका घेईल. निंदा आणि स्तुती, यश आणि अपयश हे अष्ट लोकधर्मांपैकीच आहेत. त्यांनी विचलित होऊ नये, अशी शिकवण आहे. मग दखलीची अपेक्षा ही तृष्णाच नव्हे काय?

शंका रास्त आहे. फोटोत पुढे उभे राहण्याची, व्यासपीठावर खुर्ची मिळवण्याची धडपड ही तृष्णाच होय. ती कितीही मिळाले तरी भागत नाही. म्हणून स्वतःपुरते स्तुतीवर अवलंबून राहू नये. परंतु दुसऱ्याची दखल घेणे हे कर्तव्य आहे. 'तू अपेक्षा सोड' हे आपण आपल्या मनाला सांगावे. उपेक्षित माणसाला सांगू नये. ज्याला जन्मभर नाकारले गेले, त्याला विरक्तीचा उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसाला उपवासाचे महत्त्व सांगण्यासारखे आहे.

आपण काय करू शकतो?

१) घरातील प्रत्येकाला, विशेषतः स्त्रियांना, नावाने हाक मारावी.

२) मुलांचे गुण पाहताना मिळालेल्या गुणांविषयी आधी बोलावे.

३) दुःखी घरात उपदेश करू नये. गेलेल्या माणसाचे नाव घ्यावे आणि ऐकावे.

४) कामावरील सफाई कामगार, शिपाई, कंत्राटी मदतनीस यांची नावे माहीत करून घ्यावीत व चांगल्या कामाचा उल्लेख त्याच दिवशी करावा.

५) विद्यार्थ्यांनी वर्गात मागे एकट्या बसणाऱ्या मुलाशेजारी एक दिवस बसून पाहावे.

यासाठी वर्गणी लागत नाही की ठरावही लागत नाही. विद्यापीठाच्या कमानीवर नाव कोरले जाण्यासाठी आपल्या समाजाला साडेपंधरा वर्षे लागली आणि माणसे गमवावी लागली. घरातल्या माणसाला नावाने हाक मारण्यास आज संध्याकाळ पुरेशी आहे. एवढे जरी आपण केले, तरी त्या लढ्याचे मोल आपल्याला समजले असे म्हणता येईल.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम! नमो बुद्धाय!