पुलाखालून जाताना बोट तिरकी का करतात?

भिंतीला टेकवलेल्या शिडीचा पाय मागे ओढला, की वरचं टोक खाली येतं. लांबी तीच, उंची कमी. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यालगत, नॉरफोकहून मायामीकडे जाणाऱ्या अंतर्गत जलमार्गावर शिडाच्या बोटी हेच करतात. खाड्या, नद्या, कालवे जोडून केलेल्या या मार्गावरचे न उघडणारे बहुतेक पूल पाण्यापासून सुमारे ६५ फूट उंच आहेत. डोलकाठी ६८ फूट असेल तर?

जॉर्जियात काम सोपं. तिथे पाणी सात-आठ फूट वरखाली होतं. ओहोटीची वाट पाहायची आणि पुलाच्या खांबाजवळच्या पट्टीवर किती फूट मोकळे आहेत ते वाचायचं. नॉर्थ कॅरोलायनातल्या पॅम्लिको भागात मात्र समुद्राकडची तोंडं इतकी अरुंद, की भरती आत पोचेपर्यंत विरून जाते. तिथे शिडाखालची आडवी काठी एका बाजूला वळवून तिला पाण्याने भरलेल्या पिशव्या टांगतात. बोट वीसेक अंश कलली, की टोक सुमारे चार फूट खाली येतं. मला ही युक्ती फार आवडते: वजन तिथल्याच पाण्याचं, काम झालं की परत तिथेच. धोका एकच. शेजारून मोटरबोट गेली, तर तिच्या लाटेने बोट क्षणभर सरळ होते आणि टोकावरची अँटेना पुलाला घासते.