घरीं पाहिलेले चार बोलपट

वाचकांस आरंभींच सांगून टाकतों कीं, मी चित्रपटांचा टीकाकार नव्हे. उभा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला. परंतु गेल्या पावसाळ्यांत मुलुंड येथें आमच्या घरीं दर शनिवारीं रात्रीं, जेवणें आटोपल्यावर, सर्वांनीं मिळून एखादा चांगला चित्रपट पाहावा, असा परिपाठ माझ्या कॉलेजांत जाणाऱ्या नातीनें पाडला. सत्त्याऐंशी वर्षांच्या ती. मातोश्रींपासून धाकट्या नातवापर्यंत सारे एका खोलींत बसत असल्यामुळें मतें पुष्कळ निघाली. त्यांतलीं कांहीं येथें देतों.

पहिला ‘श्वास’ (२००४). ‘श्यामची आई’नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय मान मराठीस मिळवून दिला तो यानेंच. कोंकणांतला एक आजा नातवाला शहरांत घेऊन येतो; मुलाच्या डोळ्यांस कर्करोग, शस्त्रक्रियेनें जीव वांचेल पण दृष्टि जाईल. शस्त्रक्रियेपूर्वीं म्हातारा कोणास न सांगतां पोराला रुग्णालयांतून बाहेर काढतो आणि शहर दाखवून आणतो. शिस्तीचा मास्तर या नात्यानें मला हें वर्तन पटूं नये. पण मीहि तेंच केलें असतें.

नंतर ‘अछूत कन्या’ (१९३६). आपल्या उपनगरांतल्यांना याचें कौतुक अशासाठीं कीं, तो मालाडच्या बाँबे टॉकीजमध्यें तयार झाला. देविकाराणींची बोलण्याची ढब खेड्यांतल्या मुलीची नव्हे, असा निकाल आमच्या सूनबाईंनीं पहिल्या दहा मिनिटांतच दिला. ब्राह्मण मुलाचें आणि अस्पृश्य मुलीचें प्रेम; शेवटीं ती मुलगी आगगाडीखालीं जीव गमावते. तिसऱ्या आठवड्यास प्रभातचा ‘शेजारी’ (१९४१). जिवलग हिंदु-मुसलमान शेजारी धरणाच्या भानगडींत वैरी होतात, आणि तेंच धरण फुटून दोघांचा अंत होतो. तेव्हां नात म्हणाली, “आजोबा, तुमच्या काळीं माणसं मेल्याशिवाय शहाणी होत नव्हती का?”

तो माझा काळ नव्हे, एवढें मीं तिला सुनावलें. पण प्रश्न मनांत राहिला. कारण पुढचाच चित्रपट ‘कुंकू’ होता.

‘कुंकू’ १९३७ चा. दिग्दर्शक शांताराम, मूळ कथा ना. ह. आपटे यांची ‘न पटणारी गोष्ट’ ही कादंबरी. काकासाहेब या वृद्ध वकिलाशीं नीरेचें लग्न फसवून लावलें जातें. ती त्या घरांत राहते, पण त्याची पत्नी व्हावयाचें साफ नाकारते. शांता आपट्यांची ती ताठ मान आणि केशवराव दात्यांचा तो हळूहळू ओशाळत जाणारा म्हातारा! पार्श्वसंगीत नाहीं, घरांतले स्वाभाविक आवाज तेवढे ऐकूं येतात. अखेरीस काकासाहेबांस आपला अपराध कळतो. नीरेनें पुन्हां लग्न करावें असें पत्र ठेवून ते आत्महत्या करतात.

“यांतहि मरणच!” नात उसळून म्हणाली. “ती सरळ घर सोडून दुसरं लग्न का करत नाही?”

येथें मात्र मास्तरकी उपयोगी पडली. देवलांच्या ‘शारदे’ला (१८९९) सुटका सांपडली ती वधूवर सगोत्र निघाले म्हणून, आणि विधि पुरा होण्याआधीं. नीरेचें लग्न लागून गेलेलें. विधवेस पुनर्विवाहाची मोकळीक १८५६ च्या कायद्यानें दिलेली होती. घटस्फोट मात्र आपल्या मुंबई प्रांतांत हिंदु स्त्रीस १९४७ पर्यंत मिळत नव्हता, आणि सर्व देशभर मिळाला तो १९५५ सालीं. म्हणजे १९३७ मध्यें नीरेस मोकळें व्हावयाचें तर नवऱ्यानें मरण्यावांचून दुसरी वाट कायद्यानें ठेवलीच नव्हती. मरण हा लेखकाचा आळस, असें मीहि आजवर समजत होतों. ‘कुंकू’पुरतें तरी तें मत मीं मागें घेतलें.

इतका वेळ ती. मातोश्री कांहींच बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, “हा मीं पाहिला आहे. माईमावशीबरोबर.”

माईआजीस मी लहानपणीं आजोळीं पाहिलेली. सोळाव्या वर्षीं पन्नाशी उलटलेल्या बिजवरास दिलेली, विसाव्या वर्षीं विधवा. यजमानांच्या मृत्युपत्रांत अन्नवस्त्राची सोय होती, ती तिनें त्या घरांतच राहावें या अटीवर. दोन वर्षांत ती सर्व सोडून दादरला बहिणीकडे आली आणि जन्मभर तेथेंच राहिली. मातोश्री बारा वर्षांच्या असतांना ‘कुंकू’ पुन्हां लागला होता. त्या दोघी घरीं ‘कीर्तनाला जातों’ असें सांगून गेल्या. पंचाहत्तर वर्षें मातोश्रींनीं ही गोष्ट कोणास सांगितली नव्हती.

“रडली का गं ती?” नातीनें विचारलें.

“नाहीं. परत येतांना सबंध रस्ताभर गप्प. जिन्याशीं आल्यावर म्हणाली, ‘त्यानं निदान पत्र तरी लिहिलं.’”

नातीनें माईआजीचें छायाचित्र मागितलें. एकटीचें नाहींच. माझ्या बारशाच्या दिवशीं काढलेलें सर्व घराचें एक आहे. त्यांत ती अगदीं कडेला, अर्धी चौकटीबाहेर, मला मांडीवर घेऊन बसली आहे.