सात घरं, सात आठवडे

कुत्रा माणसाचा आणि मांजर घराचं, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. धरणगावसारख्या कापसाच्या आणि ज्वारीच्या गावात हे मत पक्कं व्हायला कारणही आहे. इथे मांजर ठेवतात ते उंदरांसाठी. सरकीची पोती, ढेप, ज्वारीच्या कोठ्या जिथे असतील तिथे उंदीर येणार आणि उंदरांमागे मांजर. त्याला दुधात कुस्करलेली भाकरी मिळते, पण अंगावरून हात क्वचितच फिरतो. पुढे मोठं झाल्यावर ते बोलावलं तरी येत नाही, उचललं की बोचकारतं. मग जातच बेइमान म्हणून आपण मोकळे होतो. हा त्या प्राण्यावर अन्याय आहे. माणसाशी मांजर कसं वागेल, हे पुष्कळसं त्याच्या पहिल्या सात आठवड्यांत ठरतं, आणि नेमक्या त्याच काळात आपण त्याच्याजवळ नसतो.

अमेरिकेतल्या टेम्पल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८० च्या दशकात हे प्रयोगांनी तपासलं. काही पिल्लांना तिसऱ्या आठवड्यापासून रोज हाताळलं, काहींना सातव्या आठवड्यापासून, तर काहींना अजिबात नाही. लवकर हाताळलेली पिल्लं पुढे माणसाच्या मांडीवर जास्त वेळ थांबली, आपणहून लवकर जवळ आली. सातव्या आठवड्यापासून हाताळलेल्यांमध्ये मात्र तितका फरक पडला नाही. म्हणजे माणूस हा धोका की सोबती, हे पिल्लू साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात शिकतं. आता आपल्याकडचा समज आठवा: मांजरी पिल्लांना सात घरं दाखवते. सातचा आकडा मोजून कोणी पाहत नाही, पण ती पिल्लं तोंडात धरून जागा बदलत राहते हे खरंच आहे. माळ्यावर, सरपणाच्या ढिगात, बंद खोलीतल्या पोत्यांमागे. पिल्लं धावू-खेळू लागून अंगणात उतरतात तोवर शिकण्याचा तो काळ बराचसा सरलेला असतो. माणसाचा हात त्यांना पहिल्यांदा दिसतो तो पकडायला आलेला.

यावर रास्त आक्षेप असा, की एकाच वेतातली दोन पिल्लं, एकाच घरात वाढलेली, तरी एक धीट आणि एक भित्रं का निघतं? मग हे रक्तातच नाही का? याचं उत्तर सँड्रा मॅक्यून यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहे, आणि मांजरांवर इतकं लिहिलं जात असताना त्याची आठवण फार थोडे जण काढतात याची खंत वाटते. त्यांनी माणसात रमणाऱ्या बोक्याची पिल्लं आणि न रमणाऱ्या बोक्याची पिल्लं घेतली. दोन्हींतली काही हाताळली, काही नाही. बोका पिल्लांच्या संगोपनात नसतोच, त्यामुळे त्याच्याकडून जे आलं ते रक्तातूनच. पिल्लं वर्षाची झाल्यावर अनोळखी माणूस समोर बसवला, तेव्हा बाप आणि हाताळणी या दोन्हींचा परिणाम दिसला. मग माणसाऐवजी एक अनोळखी खोकं ठेवलं. तेव्हा हाताळणीचा फरक पुसला गेला. माणसात रमणाऱ्या बोक्याची पिल्लं मात्र खोक्याकडेही लवकर गेली. बापाकडून आलेला गुण माणसाच्या प्रेमाचा नव्हताच, तो होता नव्या गोष्टीला सामोरं जाण्याचा धीटपणा. किती सुंदर उलगडा आहे हा! धीटपणा रक्तातून येतो, पण तो माणसाच्या बाजूने वळेल का, हे हातांवर ठरतं.

मांजराला मालकाचा खरंच लळा असतो का, या प्रश्नावर मात्र बातम्यांनी घाई केली आहे. २०१९ मध्ये क्रिस्टिन विटाले यांच्या अभ्यासात सुमारे ६४ टक्के पिल्लांमध्ये माणसाशी सुरक्षित जवळीक आढळली आणि त्याचे मथळे जगभर झळकले. पण त्याआधी, २०१५ मध्ये, अ‍ॅलिस पॉटर आणि डॅनियल मिल्स यांना तशा सुरक्षित जवळिकीची खूण मोठ्या मांजरांत सापडली नव्हती. त्यापेक्षा जपानच्या आत्सुको साइतो यांचं काम मला जास्त भरवशाचं वाटतं. त्यांनी २०१३ मध्ये मांजरांना अनोळखी माणसांच्या हाका ऐकवल्या आणि मग मालकाची. मालकाच्या आवाजावर कान वळले, मान हलली. बहुतेक मांजरं जागची उठली मात्र नाहीत. ज्या मांजराला आपण बेपर्वा म्हणतो, त्याने हाक ओळखलेली असते. उत्तर कानाने दिलेलं असतं आणि आपण पायांकडे पाहत असतो.

तेव्हा घरात मांजरी व्याली, तर तिला हुसकावू नये आणि डोळे न उघडलेल्या पिल्लांना सारखं उचलूही नये. त्रास झाला की ती जागा बदलते. दोनेक आठवड्यांनी, ती खायला उतरली असताना, घरातल्या दोन-तीन जणांनी पिल्लांना रोज थोडा वेळ हातात घ्यावं. ओरखडा किंवा चावा लागला तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवून दवाखान्यात रेबीजच्या लशीचं विचारावं. मोठं झालेलं भित्रं मांजर हाती लागलं, तर ते मांडीवर बसेलच अशी आशा धरू नये. ठरल्या वेळी, ठरल्या जागी खाणं ठेवून थोडं लांब बसावं, आणि जवळ कधी यायचं ते त्याला ठरवू द्यावं. त्याला महिनेही लागू शकतात.