नखाखालील मेलॅनोमा : ओळख आणि निदान

प्रस्तावना :
देवळा तालुक्यात कांदा व डाळिंबाच्या शेतीत राबणाऱ्या हातांना नखावरचा मार नवा नाही. त्यामुळे नख काळे पडले की ‘कुठेतरी ठेचले असेल’ असे म्हणून दुर्लक्ष होते. बहुधा हा तर्क खरा असतो. परंतु क्वचित त्यामागे मेलॅनोमा हा रंगपेशींचा घातक कर्करोग असतो. या दोहोंतील भेद कसा ओळखावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्वरूप :
नख त्याच्या मुळाशी, त्वचेखाली तयार होते. तेथील रंगपेशींनी मेलॅनिन निर्माण केल्यास नखावर उभी तपकिरी वा काळी रेघ उमटते. सावळ्या वर्णाच्या लोकांत अशा रेघा अनेक नखांवर आढळतात व त्या सहसा निरुपद्रवी असतात. म्हणूनच धोक्याची एखादी रेघ त्यांत सहज लपते.

लक्षणे :
माराने साकळलेल्या रक्ताचा डाग नखाबरोबर पुढे सरकतो. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मि.मी. वाढते, त्यामुळे काही आठवड्यांत डागामागे स्वच्छ नख दिसू लागते. मेलॅनोमाची रेघ मात्र मुळाशी कायम राहते व रुंदावते. रेघ एकाच नखावर, विशेषतः अंगठ्यावर असणे, उतारवयात नव्याने उमटणे, ३ मि.मी. किंवा अधिक रुंद असणे, कडा अस्पष्ट होणे, नख चिरणे ही संशयाची लक्षणे होत. काळेपणा नखालगतच्या त्वचेवर पसरणे हे ‘हचिन्सन चिन्ह’ होय. ब्रिटिश शल्यविशारद जोनाथन हचिन्सन यांनी १८८६ मध्ये या विकाराचे वर्णन ‘काळे नखुरडे’ अशा अर्थाच्या नावाने केले होते. काही मेलॅनोमा रंगहीनही असतात. म्हणून न भरणारी जखमही तपासावी. गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ मध्ये मेलॅनोमा आढळला. १९८१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

निदान :
त्वचारोगतज्ज्ञ डर्मोस्कोपने रेघेची बारकाईने पाहणी करतात. तथापि अंतिम निदान नखाच्या मुळातील उतीच्या बायोप्सीनेच होते. रोग वरच्या थरातच असल्यास अनेकदा बोट वाचवता येते. विलंब झाल्यास बोटाचा भाग काढावा लागतो आणि रोग लसिकाग्रंथींत पसरू शकतो.

समारोप :
मार लागल्याची आठवण हे निदान नव्हे. डाग पुढे सरकत नसेल, तर तज्ज्ञांकडे जाणे हेच हिताचे. ग्रामीण विद्यार्थ्यांमार्फत एवढी एक खूण घरोघरी पोहोचवणे प्राध्यापकांना सहज शक्य आहे.