खोळंबा कोणी सांभाळायचा?

काही वर्षांपूर्वी घरच्या संगणकावर मी पाच आकड्यांची बेरीज करणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. आकडे होते 12, 7, 20, 5 आणि 16. उत्तर 60 यायला हवं, आलं 44. चूक झाल्याचा संदेश नाही, प्रोग्राम मध्येच बंद पडला असंही नाही. शेवटचे 16 तेवढे नाहीसे झाले होते. आदल्या संध्याकाळी हाच प्रोग्राम बिनचूक चालला होता.

तो 'स्पिम'वर चालत होता. जेम्स लारस यांनी लिहिलेलं हे सॉफ्टवेअर मिप्स नावाच्या प्रोसेसरची नक्कल करतं. मिप्सची इंग्रजी अक्षरं उलटी लिहिली की स्पिम होतं. मधल्या वेळात मी एकच बदल केला होता. 'डिलेड लोड्स' हा पर्याय चालू केला होता, म्हणजे नक्कल खऱ्या यंत्राच्या जरा जास्त जवळ नेली होती. संगणकशास्त्र मी कॉलेजात शिकलेलो नाही. ते 16 शोधता शोधता जे हाती लागलं, ते इथं मांडतो.

प्रोसेसर एक आज्ञा पुरी करून मगच दुसरी हातात घेतो असं नाही. दिवाळीत करंज्या करताना एकजण पाऱ्या लाटतो, दुसरा सारण भरतो, तिसरा कातण्यानं कडा कापतो, चौथा तळतो. सगळे एकाच वेळी, पण वेगवेगळ्या करंजीवर काम करत असतात. पाइपलाइन म्हणजे हेच. मिप्सचा बाजारात आलेला पहिला प्रोसेसर आर2000. त्यात पाच टप्पे होते: आज्ञा आणणं, ती उलगडून रजिस्टरांतले आकडे वाचणं, गणित करणं, लागलं तर मेमरीत जाऊन येणं आणि उत्तर रजिस्टरात लिहिणं. प्रत्येक टप्प्याला क्लॉकचा एक ठोका धरला, तर 100 आज्ञांना एकेक करून 500 ठोके लागतील, पाइपलाइननं 104.

पण एका करंजीचं दुसरीवाचून अडत नाही. आज्ञांचं अडतं. पहिली आज्ञा आपलं उत्तर पाचव्या ठोक्याला लिहिणार आणि तेच उत्तर हवं असलेली मागची आज्ञा तिसऱ्याच ठोक्याला रजिस्टर वाचायला येणार. तिथं अजून जुनाच आकडा असतो. हा 'डेटा हॅझार्ड'. त्याचे आणखीही प्रकार आहेत, पण या साध्या पाइपलाइनमध्ये रजिस्टरांच्या बाबतीत चावतो तो हाच. मागच्या आज्ञेला रोखून धरलं की झाला खोळंबा, इंग्रजीत 'स्टॉल'. पाचव्या ठोक्याच्या पूर्वार्धात लिहून उत्तरार्धात वाचायची सोय केली, तरी दोन ठोके वाया जातात.

यावरचा इलाज सुंदर आहे. बेरीज तिसऱ्या ठोक्याच्या अखेरीस तयार असतेच. ती रजिस्टरात पोहोचायची वाट न बघता वेगळ्या तारांनी थेट पुढच्या गणिताला द्यायची. याला 'फॉरवर्डिंग' म्हणतात. खोळंबा शून्यावर येतो.

मेमरीतून आकडा आणणाऱ्या आज्ञेपुढे, म्हणजे 'लोड'पुढे, हा इलाज हरतो. तिचा आकडा चौथा ठोका संपताना हाती येतो आणि मागच्या आज्ञेला तो चौथ्याच्या सुरुवातीलाच हवा असतो. कोणतीही तार आकडा काळात मागे नेऊ शकत नाही. फॉरवर्डिंग असूनही दोघींत एका ठोक्याचं अंतर लागतंच. ते कोणी लक्षात ठेवायचं, एवढाच प्रश्न उरतो.

एक उत्तर असं, की चिपमध्येच पहारेकरी सर्किट ठेवायचं. लोडचं रजिस्टर आणि मागच्या आज्ञेला हवं असलेलं रजिस्टर एकच निघालं, तर ते मागचीला एक ठोका रोखतं. याचं नाव 'इंटरलॉक'. 1981 साली स्टॅनफर्डमध्ये जॉन हेनेसी यांच्या गटानं सुरू केलेल्या प्रकल्पानं उलट उत्तर दिलं आणि ते नावातच कोरलं: 'मायक्रोप्रोसेसर विदाउट इंटरलॉक्ड पाइपलाइन स्टेजेस', म्हणजेच मिप्स. आज्ञांचा क्रम कंपायलरला आधीच माहीत असतो, मग चिपवर हा बोजा कशाला? त्यांचा 'रीऑर्गनायझर' मधल्या जागी दुसरी कामाची आज्ञा सरकवून देई; तशी सापडली नाही तर 'नॉप', म्हणजे काहीच न करणारी आज्ञा.

आर2000नं लोडच्या बाबतीत हाच नियम ठेवला. लोडच्या लगेच पुढच्या आज्ञेनं तो आकडा मागायचा नाही. मागितला तर कुणी अडवत नाही. माझ्या प्रोग्राममध्ये नेमकं हेच झालं होतं. प्रत्येक फेरीत आधीच्या फेरीचा आकडा मिळवला जात होता. पहिल्या फेरीत शून्य, आणि शेवटचे 16 रजिस्टरात येऊन तसेच पडून राहिले. पुढच्या आकड्याकडे सरकण्यासाठी पत्त्यात 4 मिळवणारी आज्ञा मी लोड आणि बेरीज यांच्या मध्ये आणली. उत्तर 60. एकही ठोका जास्त लागला नाही.

या काटकसरीवर मी तेव्हा भाळलो होतो. पुढे मत बदललं. एक तर नाव अक्षरशः खरं नव्हतंच. गुणाकार-भागाकाराचं उत्तर तयार नसेल, तर आर2000 स्वतः थांबे. कॅशमध्ये आकडा सापडला नाही, तरी थांबे. पण खरी अडचण वेगळी होती. लोडनंतर किती जागा सोडायची, हे पाइपलाइनच्या लांबीवर ठरतं आणि ती लांबी प्रत्येक प्रोग्राममध्ये कायमची गोठून बसते. 1991 साली आलेल्या आर4000मध्ये टप्पे झाले आठ आणि लोडला दोन ठोक्यांचं अंतर लागू लागलं. लोकांकडचे प्रोग्राम तर एकच जागा सोडून तयार झालेले. मला पाच आकड्यांत चूक दिसली. बँकेच्या हिशेबात ती कोणाला दिसली असती?

म्हणून आर4000मध्ये लोडसाठी इंटरलॉक आहे. मिप्सच्या दुसऱ्या आज्ञासंचापासूनच तो नियम झाला होता. कंपायलर आजही आज्ञा मागेपुढे करतो, पण वेगासाठी. त्याचं चुकलं तर ठोका जातो, उत्तर जात नाही.

लोडनंतरची सक्ती काढणं सोपं गेलं, कारण यंत्र जास्त वेळा थांबलं म्हणून कोणताही जुना प्रोग्राम बिघडत नाही. 'ब्रँच'चं, म्हणजे वाट बदलणाऱ्या आज्ञेचं, तसं नव्हतं. तिच्या लगेच पुढची आज्ञा वाट बदलली तरी चालवायचीच, असा आर2000चा दुसरा नियम होता. आर4000मध्ये ब्रँचला तीन ठोक्यांचा उशीर होतो, त्यामुळे त्या एका जागेला पूर्वीचा अर्थ उरला नव्हता. तरी ती ठेवावी लागली, कारण जुन्या प्रोग्रामांनी तिथं कामाच्या आज्ञा बसवलेल्या होत्या.