प्रिंट निघते, मग स्कॅन का येत नाही?

ऑफिसातल्या प्रिंटरवर कागद ठेवून बटण दाबले की पीडीएफ थेट संगणकाच्या फोल्डरमध्ये येते. ही सोय म्हणजे ‘स्कॅन टू फोल्डर’. ती सुरू करताना सर्वांत जास्त वेळ खाणारा गैरसमज असा की प्रिंट निघते आहे, म्हणजे जोडणी झालीच, आता स्कॅनही यायला हवा. वस्तुतः दोन्ही कामांची दिशा उलटी आहे. प्रिंट देताना संगणक प्रिंटरकडे काम पाठवतो आणि प्रिंटर बहुधा काही न विचारता ते छापतो. स्कॅनच्या वेळी मात्र प्रिंटरच संगणकाकडे येतो, यूजरनेम आणि पासवर्ड देतो आणि शेअर केलेल्या फोल्डरमध्ये फाइल लिहिण्याची परवानगी मागतो. त्यामुळे ड्रायव्हर कितीही वेळा काढून पुन्हा टाकला तरी इथे फरक पडत नाही. संगणकावरून स्कॅन सुरू करायचा असेल, तरच ड्रायव्हरचा प्रश्न येतो.

दुसरा घोटाळा पासवर्डचा. रोज सकाळी संगणक उघडताना टाकला जाणारा चार-सहा आकडी पिन म्हणजेच पासवर्ड, असे अनेकांना वाटते. विंडोजचा पिन त्या एका संगणकापुरता असतो. नेटवर्कवरून येणाऱ्या प्रिंटरला तो चालत नाही. ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्या खात्याने नेटवर्कवरून आत येणेही विंडोज मुळातच नाकारते. स्कॅनसाठी वेगळे स्थानिक खाते काढून त्याला पक्का पासवर्ड द्यावा आणि त्या एका फोल्डरपुरतीच परवानगी ठेवावी, हा मार्ग सर्वांत चांगला. साहेबांचे अ‍ॅडमिन खाते प्रिंटरच्या अ‍ॅड्रेस बुकमध्ये भरून ठेवणे धोक्याचे आहे. शिवाय त्यांनी पासवर्ड बदलला की त्याच दिवशी स्कॅन बंद पडतो आणि दोष यंत्राला दिला जातो.

फोल्डर शेअर केला की काम झाले, हेही अर्धेच खरे. ‘अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग’मधून फोल्डर शेअर केल्यावर ‘परमिशन्स’ उघडून पाहिले, तर ‘एव्हरीवन’समोर सहसा फक्त ‘रीड’वर टिक दिसते. म्हणजे प्रिंटरला फोल्डर दिसेल, पण त्यात काही ठेवता येणार नाही. स्कॅनच्या खात्याला इथे ‘चेंज’ आणि ‘सिक्युरिटी’ टॅबमध्ये ‘मॉडिफाय’ अशा दोन्ही परवानग्या लागतात, कारण दोहोंपैकी जी कमी असेल तीच लागू होते. प्रिंटरमध्ये पत्ताही सी ड्राइव्हपासूनचा द्यायचा नसतो. संगणकाचे नाव आणि त्यानंतर शेअरचे नाव एवढेच द्यायचे.

नावाऐवजी आयपी पत्ता दिला असेल, तर तो स्थिर हवा. प्रिंटरचा आयपी पक्का करून निश्चिंत होणारे पुष्कळ असतात. स्कॅनसाठी मात्र पक्का असायला हवा तो संगणकाचा. राउटरने संगणकाला नवा पत्ता दिला की प्रिंटर जुन्याच पत्त्यावर शोधत राहतो. राउटरमध्ये त्या संगणकासाठी पत्ता राखून ठेवला की हा प्रश्न सुटतो. संगणक स्लीपमध्ये गेला तरीही स्कॅन अडतो, हेही लक्षात घ्यावे.

मग येतो फायरवॉल बंद करण्याचा सल्ला. तो मुळीच मानू नये. या कामाला टीसीपीचे ४४५ क्रमांकाचे एकच पोर्ट लागते. नेटवर्क ‘प्रायव्हेट’ ठेवून ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ला परवानगी दिली की पुरते.

त्याहून घातक सल्ला म्हणजे जुन्या प्रिंटरसाठी एसएमबी १ हा फाइल शेअरिंगचा जुना प्रोटोकॉल पुन्हा चालू करणे. मे २०१७मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरने याच प्रोटोकॉलच्या विंडोजमधील त्रुटीचा फायदा घेतला होता. मायक्रोसॉफ्टने तिची दुरुस्ती त्याच वर्षी मार्चमध्ये दिली होती, पण असंख्य संगणकांवर ती बसवलेलीच नव्हती. विंडोज १०च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये एसएमबी १ सहसा नसतेच. म्हणून नवा संगणक घेतला आणि स्कॅन थांबला, असे घडते. आधी प्रिंटरचे फर्मवेअर अद्ययावत करून एसएमबी २ किंवा ३ची सोय मिळते का ते पाहावे. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीत एसएमबी साइनिंगही (संदेशांवरची डिजिटल सही) सहसा सक्तीचे असते, तिथेही काही जुनी यंत्रे अडतात. प्रिंटर सुधारतच नसेल, तर ईमेलवर किंवा पेन ड्राइव्हवर स्कॅन घ्यावा. एका यंत्राच्या सोयीसाठी सगळ्या ऑफिसची सुरक्षा सैल करणे योग्य नाही.

डीपीआय जास्त तर स्कॅन चांगला, हा समज निरुपद्रवी वाटतो, पण फाइली फुगवतो. ए४ पान ३०० डीपीआयला सुमारे २४८० बाय ३५०८ पिक्सेलचे होते. ६०० डीपीआयला पिक्सेल चौपट होतात. छापील मजकुराला ३०० पुरते. आणि पीडीएफ झाली म्हणजे तिच्यातला मजकूर शोधता येतोच असे नाही, कारण ते पानाचे चित्रच असते. मजकूर शोधायचा तर ओसीआर हवे, तेही देवनागरी ओळखणारे. प्रिंटरच्या भाषांच्या यादीत मराठी नसेल, तर संगणकावर टेसरॅक्टसारखे मोफत सॉफ्टवेअर मराठीसाठी वापरता येते.