जुन्या नोंदींचा माग (भाग ६) : बाईचं माहेर

चंद्रपूर-गडचिरोलीत वंशावळ हा हौसेचा विषय नाही. जातवैधतेचं प्रकरण असो की बिगरआदिवासी कुटुंबाने तीन पिढ्यांचा रहिवास दाखवून करायचा वनहक्काचा दावा, पणजोबांपर्यंत पोचल्याशिवाय फाइल हलत नाही. माणसं तहसिलीत कोतवाल पंजीची, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल मागायला जातात आणि हाती येतं ते बहुधा एवढंच : अमक्यास मुलगी झाली. मुलीचं नाव नाही, आईचं तर नाहीच. पुढे ती लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली की कागदावर तिचा पत्ता लागत नाही. म्हणून या आठवड्यात मुद्दाम एका परदेशी बाईचा माग काढू या. तिच्या देशाने माहेरचं नाव कसं जपलं, हे आपल्याला बघायचं आहे.

मार्गारेट बेन. जन्म १७९५, स्कॉटलंडमधलं ग्रीनॉक बंदर. वडील केनेथ बेन हे धर्मोपदेशक. १८२८ मध्ये मिशनरी जॉन विल्सन यांच्याशी लग्न झालं आणि १८२९ च्या फेब्रुवारीत दोघं मुंबईत उतरली. कोकणात हर्णैला राहून मराठी शिकली. मार्गारेटने मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या, त्या पुण्यातल्या फुले दांपत्याच्या शाळेच्या जवळजवळ दोन दशकं आधी. १९ एप्रिल १८३५ रोजी ती मुंबईतच वारली. वय चाळीसही नव्हतं. पुढे तिच्या दोन बहिणींनी येऊन काम सांभाळलं. नवऱ्याने १८३८ मध्ये तिचं चरित्र छापलं, त्यात तिची पत्रं आणि रोजनिशीतले उतारे आहेत. ते मोलाचे आहेत, पण निवड नवऱ्याची आहे, हे वाचताना विसरू नये.

आता कागद. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात इथले चर्चचे पाद्री बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नकला लंडनला पाठवत. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. दफनाच्या नोंदीत बाई नवऱ्याच्या आडनावाने येते, म्हणजे या टोकाला माहेर हरवलं. ते सापडतं स्कॉटलंडच्या टोकाला. तिथे लग्नानंतरही बाईचं मूळ आडनाव कागदोपत्री चालू राही, थडग्यावरही तेच कोरत. १ जानेवारी १८५५ पासून तिथे सरकारी नोंदणी सक्तीची झाली आणि मृत्यूच्या दाखल्यात बापाचं नाव तर आलंच, शिवाय आईचं नाव तिच्या माहेरच्या आडनावासह आलं.

पण मार्गारेट तर त्याआधी वीस वर्षं गेलेली. इथे शोधणारे एक आडवाट धरतात, आणि मला ती फार आवडते : बाई स्वतः सापडत नसेल तर तिचं भावंड शोधा. १८५५ नंतर मायदेशी वारलेल्या सख्ख्या भावाच्या किंवा बहिणीच्या दाखल्यात तेच आईबाप असतात. धाकट्याच्या मृत्यूच्या कागदावरून थोरलीचं आजोळ उलगडतं.

आपल्या भागात शोध घ्यायचा तर आधी विचारायचं, चर्च कुठलं? १८४३ मध्ये स्कॉटलंडचं चर्च फुटलं आणि फ्री चर्च वेगळं झालं. १८४५ मध्ये नागपुरात आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप फ्री चर्चचे. चांद्याचं, म्हणजे आजच्या चंद्रपूरचं, मिशन मात्र स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचं, बिशप मानणारं. दोघांची दप्तरं वेगळी, पत्रव्यवहारही वेगळा. चांद्याच्या मिशनमध्ये आलेल्या एखाद्या स्कॉटिश बाईचं नाव नागपूरच्या फ्री चर्चच्या कागदांत कितीही चाळलं तरी मिळणार नाही. शिवाय नागपूरला स्वतंत्र बिशप मिळाला तो १९०३ मध्ये. त्याआधी हा मुलूख कलकत्त्याच्या बिशपकडे होता, म्हणून लंडनला गेलेल्या नकला मुंबईच्या नव्हे, बहुधा बंगालच्या खंडांत पाहायच्या.

पुढच्या आठवड्यात कोतवाल पंजी : मोडी अक्षर, जातीचा रकाना आणि 'मुलगी झाली' या नोंदीतली मुलगी गावाच्या इतर कागदांवरून कशी ओळखायची.